पुन्हा निवडून यायचंय म्हणून आमदार-खासदार-नगरसेवक नक्की काय काय करतात (आणि काय टाळतात)?

गोदाकाठ

१४ ऑक्टोबर २०२४ला राज्य मंत्रिमंडळाने मुंबईत शिरतानाच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल माफ केला, त्याच मध्यरात्रीपासून. दहिसर, वाशी, ऐरोली आणि मुलुंडचे दोन. दुसऱ्याच दिवशी, १५ तारखेला, निवडणूक आयोगाने विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या आणि आचारसंहिता लागली. टोलविरोधी आंदोलनं त्याआधी कित्येक वर्षं चालू होती, सगळ्या पक्षांनी कधी ना कधी आश्वासन दिलेलं होतं, आणि निर्णय झाला तो बरोब्बर आदल्या दिवशी.

मी नाशिक जिल्ह्यातला, घरी कांदा आहे, त्यामुळे माझ्यासाठी या विषयाचं खरं उदाहरण टोल नाही, कांदाच. क्रम नीट बघा. ऑगस्ट २०२३मधे केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. डिसेंबर २०२३मधे थेट निर्यातबंदी. लोकसभा चार-पाच महिन्यांवर होती आणि शहरात कांदा महागलेला परवडणार नव्हता, कारण १९९८ला दिल्लीत कांद्याच्या भावात राज्य सरकार गेलं हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही. बंदी ३१ मार्चपर्यंत होती, ती पुढे वाढवली. आमच्याकडे भाव कोसळले, लासलगाव-पिंपळगावला लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. आणि मग ४ मे २०२४ला बंदी उठली, किमान निर्यातमूल्य ५५० डॉलर टनाला आणि ४० टक्के शुल्क ठेवून. नाशिक आणि दिंडोरीत मतदान होतं २० मे ला! म्हणजे ज्या निवडणुकीसाठी बंदी आली त्याच निवडणुकीसाठी उठली, फक्त पहिल्यांदा खाणाऱ्याकडे बघून आणि नंतर पिकवणाऱ्याकडे बघून. दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार भारती पवार केंद्रात राज्यमंत्री होत्या, त्या पडल्या. नाशिकची जागाही गेली. पुढे १३ सप्टेंबर २०२४ला किमान निर्यातमूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आणलं, तेव्हा विधानसभा दोन महिन्यांवर होती. उरलेलं २० टक्के १ एप्रिल २०२५ला गेलं.

माझं म्हणणं असं की पुन्हा निवडून यायच्या दबावाला सरसकट वाईट म्हणणं चूक आहे, कारण त्या दबावाशिवाय आमची बंदी ४ मे ला उठलीच नसती. पण हा दबाव फार आंधळा असतो, त्याला फक्त पुढची तारीख दिसते. शेतकऱ्याने कांदा लावला तेव्हा जे धोरण होतं तेच काढणीला असेल की नाही हे निवडणुकीच्या कॅलेंडरवर ठरत असेल तर आम्ही शेती कशाच्या भरवशावर करायची? तर हा दबाव कुठे उपयोगी पडतो आणि कुठे नुकसान करतो, यावर तुमच्या तुमच्या भागातले अनुभव लिहा. पक्षाची बाजू घेऊन भांडायला बाकी खूप जागा आहेत, इथे ते नको प्लीज.

---

पेठेतला

पुण्याचं एक लिहितो. राहत्या घराला मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७०पासून होती, ती मधल्या काळात बंद झाली आणि लोकांना फरकाची बिलं यायला लागली. सगळ्या पक्षांनी निवेदनं दिली, काही हललं नाही. मग फेब्रुवारी २०२३मधे कसब्याची पोटनिवडणूक लागली. प्रचारात हा मुद्दा जोरात आला, २ मार्चला निकाल लागला आणि १९९५पासून हातात असलेली जागा भाजपने गमावली. त्यानंतर लवकरच राज्य मंत्रिमंडळाने सवलत परत सुरू केली. एका मतदारसंघातला एक पराभव आणि अख्ख्या शहराचा प्रश्न सुटला.

पण याचीच दुसरी बाजू पण बघा. घरपट्टी, पाणीपट्टी वाढवायची तर निवडणुकीआधी दोन वर्षं कोणी हात लावत नाही आणि निवडून आल्यावर पहिल्या वर्षी लोक चिडतील म्हणून लावत नाही, मग उरतं काय? मुंबईत जानेवारी २०२२मधे ५०० चौ. फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, पालिकेची मुदत मार्चमधे संपणार होती. मी त्या लोकांच्या विरोधात नाही, छोट्या घरात राहणाऱ्याला तेवढा आधार हवाच, पण पालिकेचा खर्च कुठून निघणार हे त्या दिवशी कोणीच सांगितलं नाही. कर माफ केल्याचे फ्लेक्स लागतात, जमिनीखालची ड्रेनेज लाइन बदलल्याचा फ्लेक्स कधी पाह्यलाय का कोणी?

---

रानजाई

@गोदाकाठ विषय चांगला काढला. पण असे धागे निघाले की चौथ्या-पाचव्या प्रतिसादात कोणीतरी लाडकी बहीण काढतंच आणि बायकांना पैसे वाटून मतं घेतली असं बोलून मोकळं होतं, म्हणून मीच आधी लिहिते.

मी विदर्भातल्या तालुक्याच्या गावात राहते, बचत गटाचं काम बघते. जून २०२४च्या बजेटमधे अजित पवारांनी योजना मांडली, महिन्याला १५०० रुपये, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत. पहिल्या जीआरमधे वय २१ ते ६० होतं, पाच एकर जमिनीची अट होती, डोमिसाइल लागत होतं. तहसीलबाहेर बायकांच्या रांगा लागल्या आणि लगेच २ जुलैला वय ६५ केलं, जमिनीची अट काढली, डोमिसाइलच्या जागी रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला वगैरे चालेल म्हणाले, मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. आमच्याकडे संजय गांधी निराधारच्या फाइलवर बायका वर्ष वर्ष हेलपाटे घालतात, त्यांनी तेव्हा सरकार किती फास्ट पळू शकतं ते पहिल्यांदा बघितलं. हे झालं निवडणूक जवळ होती म्हणून, मला मान्य आहे. पण ज्या बाईच्या स्वतःच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा दर महिन्याला पैसे आले तिने त्यातून औषध आणलं, पोरीची फी भरली, ते खोटं नाही ना होत.

मला राग कशाचा आला ते सांगते. तेव्हा फॉर्म नीट तपासले नाहीत आणि निवडणूक झाल्यावर तपासणी सुरू केली. २०२५च्या जूनमधे २६ लाखांहून जास्त खाती थांबवली. त्यात काही अपात्र होत्या, सरकारी नोकरीतल्या पण होत्या, त्यांचं बंद झालंच पाहिजे. पण आमच्या गटातल्या काही बायकांचं का थांबलं हे त्यांना कोणी सांगितलंच नाही, अंगणवाडी सेविकेला विचारावं तर तिलाही माहीत नाही. प्रचारात २१०० म्हणाले होते, मार्च २०२५च्या बजेटमधे वाढ आली नाहीच. मग ई-केवायसी आलं, त्याची मुदत नोव्हेंबरची होती ती ३१ डिसेंबर केली, तेव्हा नगरपालिकांच्या निवडणुका चालू होत्या. मत द्यायच्या आधी आम्ही बहिणी आणि नंतर आम्ही संशयित, हे फार लागलं मनाला.

---

अर्थशास्त्राचा विद्यार्थी

या सगळ्यावर अभ्यास बराच झालेला आहे, थोडं लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

शॉन कोल नावाच्या अर्थतज्ज्ञाने भारतातल्या शेतीकर्जांचा अभ्यास केला होता, २००९ला छापून आला. त्यात दिसलं की राज्याच्या निवडणुकीच्या वर्षात सरकारी बँकांच्या शेतीकर्जाची वाढ ५ ते १० टक्के-अंकांनी जास्त असते, आणि ती जास्त कुठे तर जिथे लढत अटीतटीची आहे त्या जिल्ह्यांत. खासगी बँकांत असा चढउतार नव्हता. आणि त्या जादा कर्जाने शेतीचं उत्पादन काही वाढलेलं दिसलं नाही. म्हणजे पैसा गरज बघून गेला नाही, सीट बघून गेला.

खासदार निधीचंही तसंच. ही योजना डिसेंबर १९९३मधे आली, २०११-१२पासून वर्षाला ५ कोटी. फिलिप कीफर आणि स्तुती खेमानी यांना असं आढळलं की जो मतदारसंघ पक्षाचा बालेकिल्ला आहे तिथले खासदार हा निधी कमी खर्च करतात. तिथे माणूस पक्षाच्या चिन्हावर निवडून येणार, मग कामाची घाई कशाला. बालेकिल्ल्यातल्या लोकांनी यावर जरूर विचार करावा.

पण @गोदाकाठ म्हणतायत ती बाजू पण पक्की आहे. ब्राझीलमधे महापौराला सलग दोनच टर्म मिळतात आणि तिथे केंद्राकडून लॉटरी काढून नगरपालिकांचं ऑडिट होतं. फेराझ आणि फिनान यांनी २०११च्या अभ्यासात ते ऑडिट रिपोर्ट तपासले, तर ज्याला परत उभं राहता येणार होतं त्या पहिल्या टर्मवाल्या महापौरांनी दुसऱ्या टर्मवाल्यांपेक्षा २७ टक्के कमी पैसा खाल्ला होता. परत लोकांसमोर जायचंय ही भीती काम करते. ती संपली की हात मोकळे होतात.

---

माजी सरपंच

वरच्या प्रतिसादातल्या ब्राझीलची गोष्ट आमच्या गावात घडते, दर पाच वर्षांनी.

सरपंचपदाचं आरक्षण फिरतं. या खेपेला ओबीसी, पुढच्या खेपेला सर्वसाधारण महिला, त्यापुढे अनुसूचित जाती असं काहीतरी तहसीलला सोडत काढून ठरतं. आरक्षण पाहिजेच, त्याबद्दल माझं दुमत नाही, आरक्षण नसतं तर माझ्यासारख्याला गावाने खुर्चीवर बसवलं नसतं. पण त्याचा एक परिणाम असा की शपथ घेतली त्याच दिवशी मला माहिती होतं की पुढच्या वेळी ही जागा माझ्यासाठी नसणार. असं असलं की माणसं दोन तऱ्हेने वागतात आणि मी दोन्ही जवळून बघितल्यात.

एक तऱ्हा म्हणजे पाच वर्षांत काय ते करून घ्या. निवडणुकीला खर्च केलेला असतो तो काढायचा, वित्त आयोगाच्या निधीतली कामं आपल्याच माणसाला, पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि हायमास्ट उभा करायचा कारण त्याचं बिल लवकर निघतं. लोक काय म्हणतील याची फिकीर नाही कारण लोकांपुढे परत जायचंच नाहीये.

दुसरी तऱ्हा म्हणजे जे काम मतं जातील म्हणून कोणी करत नव्हतं ते करून टाकायचं. आमच्या गावात पाणीपट्टीची थकबाकी एवढी होती की नळयोजनेचं वीजबिल भरता येत नव्हतं, मोटर बंद आणि टँकर चालू. आधीच्या कोणी वसुलीला हात लावला नाही कारण थकबाकीदारांत गावातली वजनदार घरं होती आणि भावकीची मतं एकगठ्ठा जातात. आम्ही ग्रामसभेत यादी वाचली, मग नोटिसा दिल्या, मग कनेक्शन तोडली. चार घरांनी बोलणं टाकलं. पण बिल भरलं गेलं आणि पाणी एक दिवसाआड यायला लागलं. मला पुन्हा उभं राहायचं असतं तर मी तोडली असती का कनेक्शन? प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्या वर्षी तोडली असती, शेवटच्या वर्षी नसती तोडली.

त्यामुळे कोणी म्हणालं की एकच टर्म द्या म्हणजे सगळे धाडसी निर्णय घेतील, तर तसं होत नाही. माणूस कसा आहे त्यावर जातं, आणि ग्रामसभेला लोक येतात का यावर जातं. आमच्याकडे यादी वाचली त्या दिवशी बायका मोठ्या संख्येने आल्या होत्या म्हणून ते जमलं. टँकरच्या मागे हंडे घेऊन त्याच धावत होत्या.

---

चाकरमानी

@माजी सरपंच, फार मनापासून लिहिलंत. +१००

आमच्या मुंबई महापालिकेत पण वॉर्डाचं आरक्षण सोडतीने फिरतं आणि नगरसेवक मग शेजारचा वॉर्ड शोधतात, नाहीतर बायकोला उभं करतात. पण यातून चांगलंही निघालंय. रिखिल भवनानी यांचा मुंबई पालिकेच्या १९९७ आणि २००२च्या निवडणुकांवर अभ्यास आहे. जो वॉर्ड आधी महिलांसाठी राखीव होता तिथे आरक्षण उठल्यावरसुद्धा बाई निवडून यायची शक्यता इतर वॉर्डांच्या साधारण पाचपट होती. म्हणजे एकदा काम करून दाखवलेल्या बायका आरक्षणाशिवायही टिकल्या. परत निवडून यायची संधी नसेल तर हे कसं कळणार?

---

पेठेतला

मला वाटतं या धाग्याचं खरं उत्तर आपण सगळ्यांनी गेल्या चार वर्षांत जगून बघितलंय आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, ठाणे, सगळीकडच्या पालिकांची मुदत मार्च २०२२मधे संपली, काहींची तर २०२०मधेच संपली होती, नवी मुंबई आणि संभाजीनगर त्यात आले. तिथपासून १५ जानेवारी २०२६ला २९ महापालिकांचं मतदान होईपर्यंत प्रशासक. ओबीसी आरक्षणाची केस, प्रभागरचना बदलणं, परत बदलणं, शेवटी मे २०२५मधे सुप्रीम कोर्टाने तंबी दिली तेव्हा कुठे चक्र फिरलं.

त्या काळात ज्यांना परत निवडून यायचंय असं कोणी पालिकेत नव्हतंच. तर मग कारभार स्वच्छ, दूरदृष्टीचा, राजकारणमुक्त झाला का? माझ्या भागात कचऱ्याची गाडी आली नाही तर आधी नगरसेवकाला फोन केला की तासाभरात मुकादम यायचा. प्रशासकाच्या काळात ॲपवर तक्रार टाकायची आणि ती न सोडवताच बंद झाल्याचा मेसेज यायचा. बजेट आयुक्तांनीच मांडायचं आणि आयुक्तांनीच मंजूर करायचं. स्थायी समितीत आधी जे व्हायचं ते काही आदर्श नव्हतं, टक्केवारीच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्यात, पण विरोधी नगरसेवक निदान उठून विचारायचा, ते पेपरात यायचं. मुंबईत तर नगरसेवक नाहीत म्हणून आमदारांमार्फत पालिकेचा निधी विभागात द्यायची सोय केली आणि तो सत्ताधारी आमदारांकडेच जास्त गेला अशा बातम्या आल्या.

नगरसेवकाचा तो फोन उचलण्यामागे स्वार्थच होता, मला मान्य आहे. पण तो स्वार्थ माझ्या दारातला कचरा उचलत होता.

आता निवडणुका झाल्या, पण पुण्यात चार-चार जणांचा प्रभाग आहे (मुंबईत अजून एक वॉर्ड एक नगरसेवक). २००७ला एकाचा, २०१२ला दोघांचा, २०१७ला चौघांचा. चौघे असले की काम झालं की चौघांचे फोटो आणि काम नाही झालं की उरलेल्या तिघांकडे बोट. परत निवडून यायचा दबाव चौघांत वाटला की कोणावरच उरत नाही, आणि चिन्ह बघून पॅनल टू पॅनल मतदान होतं. मला या एका गोष्टीचा सगळ्यात जास्त संताप आहे, कारण लोकांना जाब विचारता येऊ नये अशीच ती रचना आहे आणि ती दर निवडणुकीआधी सत्तेत असलेला पक्ष आपल्या सोयीने बदलतो.

---

मांडवीकाठी

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे ४० मतदारसंघ आणि एकेकात साधारण तीसेक हजार मतदार. आमदार अक्षरशः घराघरांत ओळखतो, कोणाचा मुलगा बेकार आहे, कोणाचं घराचं लायसन्स पंचायतीत अडकलंय सगळं त्याला पाठ. काही शे मतांनी निकाल फिरतो म्हणून प्रत्येक घर महत्त्वाचं. त्यामुळे सरकारी नोकरी हा आमच्याकडे निवडणुकीचा मुख्य विषय, आणि निवडून आलेला आमदार सत्तेत नसेल तर तो नोकऱ्या देऊ शकत नाही, पुढच्या वेळी पडणार. पक्षांतरं होतात ती फक्त पैशासाठी नाही, हे पण एक कारण आहे.

२०२२ची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. जानेवारीत काँग्रेसच्या उमेदवारांना मंदिर, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. ११ निवडून आले. सप्टेंबरमधे त्यातले ८ भाजपमधे गेले. देवापुढची शपथ आठ महिने टिकली नाही. मतदारसंघ लहान असला, लोकांचा दबाव जवळून असला म्हणजे आमदार लोकांशी बांधलेला राहतो हे अर्धंच खरं आहे. तो तुमच्या घरच्या बारशाला येतो, पण मत कोणत्या पक्षाला दिलं होतं ते तो पाळत नाही.

---

गोदाकाठ

@मांडवीकाठी, तुम्ही लिहिलंत त्यावरून मला एक मुद्दा सुचला जो मूळ धाग्यात यायला हवा होता. आमच्या खासदार केंद्रात मंत्री असूनही निर्यातबंदीवर काही बोलू शकल्या नाहीत. कारण आमदार-खासदाराला दोघांना खूश ठेवायचं असतं, एक मतदार आणि दुसरा तिकीट देणारा. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून सभागृहात व्हिप मोडला तर पद जातं. मग कायदा करताना त्याचं स्वतःचं मत काय हा प्रश्नच येत नाही, आणि आपणही त्याला त्यावरून मोजत नाही. तो विधानसभेत किती वेळ बसला, कुठल्या विधेयकावर काय बोलला हे गावात कोणी विचारतं का? विचारतात ते लग्नाला आला का, दहाव्याला आला का, दवाखान्याच्या बिलासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचं पत्र दिलं का, पोराची बदली केली का. लग्नसराईत आमदाराचा अख्खा दिवस जिल्ह्यात गाडीत जातो. त्याची यात चूक नाही, लग्ना-दहाव्याला न गेल्यामुळे पडलेली माणसं आम्ही बघितलीत.

---

माणदेशी

या चर्चेत गणपतराव देशमुखांचं नाव अजून कसं नाही आलं? सांगोल्यातून शेकापचे ११ वेळा आमदार. १९७२ला आणि १९९५ला पडले, दोन्ही वेळा परत आले. एसटीने फिरायचे, मतदारसंघात कोणालाही भेटायचे, त्यामुळे तुम्ही म्हणता तो लग्न-दहाव्याचा दबाव त्यांनाही होताच. पण त्याच माणसाने नागनाथअण्णा नायकवडींबरोबर १९९३पासून आटपाडीच्या पाणी परिषदा चालवल्या. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तेरा तालुक्यांना द्या म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे काढले. ते पाणी यायला एक नाही, चार-पाच विधानसभा गेल्या मधे. कृष्णेचं पाणी उचलणाऱ्या टेंभू योजनेचं पाणी पाच वर्षांत दाखवता येत नाही, पंप, बोगदे, कालवे, प्रत्येक टप्प्याला निधी अडकलेला. एक टर्मवाला आमदार असलं काम हातात घेईल का? हा माणूस शेवटपर्यंत तोच राहील हा भरवसा लोकांना होता आणि लोक परत निवडून देतील हा भरवसा त्यांना होता, म्हणून एवढं लांबचं काम झालं. ३० जुलै २०२१ला ते गेले तेव्हा सांगोल्यात सगळ्या पक्षांची माणसं रडत होती.

मग माझा प्रश्न असा की त्यांना वारंवार निवडून देताना आमच्या आधीच्या पिढीने काय मोजलं? पाणी तर आलेलं नव्हतं. लोकांनी प्रयत्न मोजले, माणूस दरवर्षी तीच मागणी घेऊन उभा आहे हे मोजलं. आता मोजतात ते फ्लेक्स.

---

अर्थशास्त्राचा विद्यार्थी

@माणदेशी खूप छान उदाहरण. याच्या बरोबर उलट पण आपल्याच राज्यात आहे, वि. स. पागे. रोजगार हमीची कल्पना त्यांची. ते १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते, म्हणजे थेट लोकांतून निवडून यायचा ताण त्यांच्यावर नव्हता. तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी आधी छोटा प्रयोग करून बघितला, १९७२च्या दुष्काळात तो विचार राज्यभर गेला, १९७७ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला. पैसा कुठून येणार याचंही उत्तर त्यात होतं, शहरातल्या पगारदारांवर १९७५ला व्यवसाय कर बसवला, तो आजही आपल्या पगारातून महिन्याला २०० रुपये कापला जातो. खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी शहरातल्या नोकरदारावर कर! आज कुठला पक्ष निवडणुकीच्या तोंडावर असं बोलेल? म्हणून वरच्या सभागृहात सहा वर्षांची निवांत मुदत असलेली काही माणसं असावीत या मताचा मी आहे. फक्त तिथे पडलेल्या उमेदवारांचं पुनर्वसन करतात ते बंद व्हायला हवं.

अर्थात पागेंचा विचार कायद्यापर्यंत नेला तो निवडून आलेल्या सरकारांनीच, आणि दुष्काळी कामांवरच्या मजुरांचे मोर्चे मागे होतेच. नुसत्या निवांतपणाने झालं नाही.

---

रानजाई

पागेंचं माहीत नव्हतं, धन्यवाद. रोजगार हमी हा कायदा आहे म्हणून आमच्याकडच्या बाया अजून ठणकावून काम मागतात, नमुना नंबर चार भरून पोच घेतात. लाडकी बहीण जीआरवर आहे, कायदा नाही. मला हाच फरक महत्त्वाचा वाटतो. निवडणुकीसाठी योजना आणलीत ना, आणा. पण मग ती कायद्यात बसवा, अटी एकदाच ठरवा, नाव काढलं तर कारण लेखी द्या आणि अपील करायला जागा द्या. मग पुढच्या निवडणुकीला आम्हाला कोणी घाबरवू शकणार नाही की आम्ही गेलो तर तुमचे १५०० जातील. आमच्या गावात असंच बोलून मतं मागितली गेली, आणि बायांनी भीतीने पण मतं दिलीत.

---

चाकरमानी

@रानजाई तुमचा हा मुद्दा मोफत विजेलाही लागू होतो. २००४ला निवडणुकीआधी सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतीपंपांना मोफत वीज जाहीर केली, सरकार परत आलं आणि २००५ला विलासरावांच्या काळात ती बंद झाली. २०२४ला बळीराजा मोफत वीज योजना आली, साडेसात एचपीपर्यंत, ती मार्च २०२९पर्यंत आहे असं जीआरच सांगतो. लोकसभा-विधानसभा २०२९लाच आहेत. तेव्हा काय होईल ते आत्ता कोणीही सांगू शकेल.

---

माजी सरपंच

@पेठेतला, शहरवाल्यांना एक विचारायचंय. आमच्याकडे ग्रामसभा आहे म्हणून सरपंचाला पाच वर्षं मधे मधे तोंड दाखवावं लागतं, नाही बोलावली तर तक्रार करता येते. तुमच्या नगरसेवकाला मधल्या काळात कुठे उभं राहून उत्तर द्यावं लागतं?

---

पेठेतला

@माजी सरपंच, कायद्यात आहे. क्षेत्रसभा म्हणतात, २००९ला महापालिका कायद्यात तरतूद केली. प्रभागाचे भाग पाडायचे, तिथल्या मतदारांची सभा नगरसेवकाने घ्यायची. पण पुण्यात या सभा नीट, नेमाने झालेल्या मी तरी पाहिल्या नाहीत, क्षेत्रच ठरवून दिलेली नाहीत असं उत्तर मिळतं. आता नवीन सभागृह आलंय तर आमच्या सोसायट्यांच्या ग्रुपने चारही नगरसेवकांना आणि आयुक्तांना पत्र द्यायचं ठरवलंय की आमच्या प्रभागाची क्षेत्रं जाहीर करा आणि पहिली सभा घ्या. पत्राचा मसुदा तयार आहे, ज्यांना आपल्या शहरात वापरायचाय त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

गोदाकाठ

@पेठेतला, मला पाठवा. नाशिकलाही चौघांचाच प्रभाग आहे.